वैशाखाचा हिशेब

खान्देशात वसंत असतो का, यावर ओट्यावर बसलेल्या कुठल्याही चार माणसांत वाद लावून द्यावा. पंचांग चैत्र-वैशाखाला वसंत म्हणतं. ज्याने कुणी हे ठरवलं, त्याने भुसावळच्या फलाटावर वैशाखातल्या दुपारी दोन वाजता गाडीची वाट पाहिलेली नसावी. आमच्याकडे पाडवा उलटला की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हातावर घेववत नाही. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके बांधायचे तेही कुठल्या झाडाखाली दुपारभर सावली टिकते ते बघून. पारा 45 अंशांना टेकल्याची बातमी आता बातमी म्हणून कुणी वाचतही नाही.

मधमाश्यांना मात्र वसंत असतो. तो लवकर येतो आणि निरोप न घेता जातो. माघात, वसंतपंचमीच्या मागेपुढे, शेवगा पांढरा झालेला असतो, आंब्याला मोहोर असतो, धन्याच्या वाफ्यांवर फुलांची साय धरलेली असते, आणि बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याचे डोंगळे उमलायच्या बेतात असतात. या दिवसांत पेटीच्या दाराशी बसून पाहावं. मागच्या पायांवर पिवळे, करडे, मळकट पांढरे परागाचे गोळे घेऊन कामकरी माश्या उतरत असतात. एवढा पराग आत जातोय म्हणजे आत खाणारी तोंडं वाढताहेत, राणी जोरात अंडी घालतेय.

आमचं घर चोपड्याकडे, सातपुड्याची रांग जिथून निळसर दिसते तिथे. घरामागे परस, परसात एक जुनं कडुनिंबाचं झाड, दोन शेवगे, एक लिंबू, आणि कडुनिंबाखाली सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, दोन पेट्या. यंदा त्यांच्या चार केल्या. दोनाच्या चार करायला फार अक्कल लागत नाही, ती लागते चार वैशाखातून पार न्यायला. हा लेख त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे.

पुण्यात नोकरीला असलेला माझा भाचा संक्रांतीला आला होता. पेट्या बघितल्या आणि लगेच मोबाईलवर हिशेब मांडला. “मामा, यंदा दोनाच्या चार, पुढच्या वर्षी आठ, मग सोळा. एका पेटीचे दहा किलो धरले तरी...” तो मधाच्या भावापर्यंत पोचायच्या आत मी त्याला चहा प्यायला आत नेलं. सातेरीची पेटी चांगल्या जागी वर्षाकाठी 5 ते 10 किलो मध देते हे खरं. पण त्या हिशेबात फुलं कुठेच नव्हती. माशी दुप्पट होते तेव्हा परिसरातली फुलं दुप्पट होत नाहीत. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या टापूत चरते. त्या टापूत जे उमलेल, त्यावर माझ्या पेट्या, झाडांच्या ढोलीतल्या रानटी सातेरी, काटेरी झुडपांतल्या फुलोरी माश्या आणि पाण्याच्या टाकीखाली लटकलेलं आग्या मोहोळ, सगळ्यांनी जगायचं. आग्यामाशी तर माझ्या माश्यांपेक्षा लांबून येते आणि माझ्या शेवग्यावर अगोदर पोचते.

मधमाश्यांवरची पुस्तकं वाचताना माणूस फसतो तो ऋतूंमध्ये. आजची हलत्या चौकटींची पेटी (प्रत्येक पोळं एका लाकडी चौकटीत, हवं तेव्हा उचलून काढता येणारं) ज्याच्यामुळे आली तो लॅंगस्ट्रॉथ अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा धर्मोपदेशक. 1851 साली त्याच्या लक्षात आलं की दोन पृष्ठभागांमध्ये साधारण 6 ते 9 मिलिमीटर फट ठेवली की माश्या ती ना मेणाने भरत, ना डिंकाने बुजवत. येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी सोडतात. त्या फटीवर जगभरातलं मधमाशीपालन उभं आहे, माझ्या आठ चौकटींच्या पेटीसकट. पण त्याचा वसंत म्हणजे बर्फ वितळल्यावर येणारा, पुढे सगळा फुलांचा उन्हाळा घेऊन येणारा. त्या मुलखात वसंतात विभागलेली वसाहत पुढचे महिने खातपीत वाढते. आपल्या मराठीतलं शिकवणंही बरंचसं महाबळेश्वरच्या हवेत झालेलं. तिथे मध संचालनालय आहे, शेजारचं मांघर 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. तिकडे चैत्र-वैशाखात जांभूळ फुलतो, हिरडा फुलतो, मधाची खरी सुगी तेव्हाच. आम्ही त्याच महिन्यांत पेटीवर ओलं गोणपाट टाकत असतो. पुस्तक चुकीचं नसतं, ते दुसऱ्या गावचं असतं.

म्हणून मी उलटा हिशेब करतो. वैशाखापासून मागे मोजत यायचं.

वसाहत विभागली, म्हणजे एका पेटीतल्या माश्या आणि पोळी दोन पेट्यांत वाटली, की एका भागाला राणी मिळते, दुसऱ्याला नाही. बिनराणीच्या भागातल्या माश्या ताज्या अंड्यांतून किंवा अगदी कोवळ्या अळ्यांतून नवी राणी करतात. अंडं तेच, खुराक वेगळा. अंड्यापासून राणी बाहेर यायला साधारण 16 दिवस. मग ती काही दिवस आत फिरते, अंगात बळ येतं, हवा बघून बाहेर उडते, आकाशात नरांशी मीलन होतं, परत येते, आणखी थोड्या दिवसांनी अंडी घालू लागते. म्हणजे विभागणीपासून पहिल्या अंड्यापर्यंत जवळपास महिना गेला. त्या अंड्यांतून कामकरी बाहेर यायला आणखी तीन आठवडे. बरं, कोवळी कामकरी लगेच रानात जात नाही. आधी घरं साफ करायची, अळ्यांना भरवायचं, मेण काढायचं, दारावर पहारा द्यायचा, आणि मग बाहेरची कामं. त्यात आणखी दोन-तीन आठवडे. या मधल्या काळात जुन्या माश्या झिजून मरत असतात, कामाच्या दिवसांत त्यांचं आयुष्य दीड महिन्याच्या आसपास. थोडक्यात, नव्या राणीच्या लेकी रानात उतरेपर्यंत सव्वादोन-अडीच महिने.

आता हे खान्देशाच्या कॅलेंडरवर ठेवून पाहावं. होळीनंतर विभागणी केली तर नव्या माश्या रानात उतरणार मे महिन्यात. तेव्हा रानात काय असतं? ऊन. आणि वसंतपंचमीला केली तर एप्रिलच्या मध्यात. तेव्हा कडुनिंबाचा मोहोर सरत आलेला असतो, पण थोडा तरी असतो. पाडव्याच्या प्रसादात आपण जी कडू फुलं चिमूटभर खातो, तीच आमच्याकडच्या माश्यांची उन्हाळ्यापूर्वीची शेवटची मोठी पंगत. त्या पंगतीला नवी वसाहत हजर असली पाहिजे, एवढं एकच गणित मी डोक्यात ठेवतो.

मग त्याहून आधी, पौषातच का नाही? कारण नर. राणी तयार झाली आणि आकाशात नरच नसले तर सगळंच व्यर्थ. नर अंड्यातून बाहेर यायला 24 दिवस लागतात, वर वयात यायला आणखी दहा-बारा. सातेरीत हे ओळखायची एक सुंदर खूण आहे. नराच्या घरांवरचं झाकण किंचित टोकदार असतं आणि त्याच्या मधोमध सुई टोचल्यासारखं बारीक भोक असतं. युरोपातून आलेल्या मेलिफेरा माशीच्या पोळ्यात हे भोक नसतं. चौकटीच्या खालच्या कडेला अशी भोकाची झाकणं दिसली की तारीख धरायला हरकत नाही. यंदा ती मकरसंक्रांत उलटल्यावर दिसू लागली. पुढे पोळ्याच्या काठावर भुईमुगाच्या शेंगेसारखी राणीघरं लोंबायला लागली, म्हणजे माश्यांनी स्वतःच फुटून जायचं ठरवलं. आपण विभागणी केली नाही तर त्या करतातच. फरक इतकाच की मग अर्ध्या माश्या जुन्या राणीला घेऊन दुसऱ्याच्या जांभळीवर जाऊन बसतात.

बंद झालेलं राणीघर असलेली चौकट मिळाली तर आठवड्याहून जास्त वेळ वाचतो. आमच्याकडे एवढा वेळ म्हणजे फार मोठी मिळकत. त्यामुळे मी माश्यांच्या मनात यायची वाट बघतो आणि मग त्यांच्या दोन पावलं पुढे जातो. पोळ्यांत कोंदटल्यासारखी गर्दी होऊ द्यायची, एकास एक साखरपाण्याचा हलका खुराक संध्याकाळी द्यायचा, राणीघरं बंद झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडायची.

विभागणीच्या दिवशी खरा प्रश्न पडतो तो माश्यांच्या आठवणीचा. रानात जाणाऱ्या माशीला पेटी ठाऊक नसते, जागा ठाऊक असते. नवी पेटी परसाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवली तर सगळ्या अनुभवी माश्या संध्याकाळी जुन्या जागी परत, आणि नव्या पेटीत फक्त कोवळ्या पोरी आणि अळ्या. थंड मुलखात ते चालून जातं. इथे पाणी आणणाऱ्या माश्याच नसतील तर अळ्या सुकतात. म्हणून मी जुनी पेटी अर्धी रुंदी डावीकडे सरकवतो आणि नवी तिच्या उजवीकडे लावतो, जुनी जागा बरोबर दोघींच्या मधे. परतणाऱ्या माश्या येतात, गोंधळतात, थोड्या इकडे थोड्या तिकडे शिरतात. एकीकडे जास्त गेल्या तर त्या पेटीला आणखी हातभर सरकवायचं. पुढे रोज थोडं थोडं अंतर वाढवत न्यायचं. काम कंटाळवाणं आहे, पण फुकटचं आहे.

चौकटी वाटताना मोह आवरावा लागतो. ज्या भागाकडे चार चौकटी झाकायच्या माश्या आहेत त्याला चारच द्यायच्या, बाकीची जागा लाकडी फळीने बंद. रिकामं पोळं दिलं की मेणकिडा आलाच. त्याचा पतंग रात्री शिरतो, त्याच्या अळ्या पोळ्यात बोगदे पाडतात, जाळी विणतात, आणि सातेरी अशा घाणीत राहात नाही. ती सरळ पेटी सोडून जाते. मेलिफेरा सहसा इतकी तडकाफडकी जात नाही, हा तिचा गुण की स्वभाव कोण जाणे. साठच्या दशकात हिमाचलातल्या नगरोट्याला मेलिफेरा भारतात नीट रुजली आणि आज ट्रकभर पेट्या फिरवणारे सगळे तीच पाळतात. मध कितीतरी पट जास्त. पण तिला फुलांमागे फिरवावं लागतं, नाही तर साखर पाजावी लागते. मला परसात पेट्या ठेवायच्या आहेत, ट्रकमागे धावायचं नाही, म्हणून मी सातेरीचा नाद धरलाय. तिच्या रागलोभासकट.

विकत आणून पेट्या वाढवाव्यात का? मला कुणी विचारलं तर मी नको म्हणतो. 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती बसवल्या, अळ्या पाण्याच्या पिशवीसारख्या होऊन मरत. लांबून आणलेल्या पेटीतून काय येईल हे डोळ्यांना दिसत नाही. आपल्याच अंगणात टिकलेल्या माशीची लेक आपल्या उन्हाला जरा तरी सरावलेली असते, एवढा माझा विश्वास. त्याला शास्त्र म्हणू नये.

विभागणीनंतरचे तीन-चार आठवडे म्हणजे काही न करण्याचे दिवस, आणि तेच सगळ्यात अवघड. पेटी उघडायची नाही. नवी राणी उडायला निघते त्या दिवसांत विजेच्या तारेवर वेडे राघू ओळीने बसलेले असतात. तारेवरून सुटतात, हवेत गिरकी घेतात, माशी पकडून परत तारेवर येऊन आपटतात. त्यांचाही तो वसंतच. त्यातली एक माशी माझी राणी असू शकते, आणि त्यावर इलाज नाही. महिन्याभराने पेटी उघडून घराच्या बुडाशी उभं एकेक अंडं दिसलं तर जमलं. एकेका घरात चार-चार अंडी वेडीवाकडी चिकटलेली दिसली तर राणी गेली आणि कामकऱ्यांनीच अंडी घालायला सुरुवात केली असं समजायचं. त्यांतून फक्त नर निघतात. मीलनाशिवाय घातलेल्या अंड्यातून नरच होतो हे योहान झिर्झोन या आजच्या पोलंडमधल्या पाद्र्याने 1845 मध्ये मांडलं, तेव्हा लोकांनी त्याला वेड्यात काढलं होतं. (मधमाश्यांच्या इतिहासात पाद्री फार. रविवार सोडून त्यांना वेळ असावा.) यंदा एका नव्या पेटीत राणी लागली, दुसरीला जुन्या पेटीतलं आणखी एक राणीघर द्यावं लागलं.

मग चैत्र येतो. घरातल्या बायकांचं वाळवण सुरू होतं, बिबडे, कुरडया, सांडगे. शेजारच्या काकूंच्या खाटेवरच्या ओल्या कुरडयांवर माझ्या माश्या पाणी शोषायला उतरतात. काकू काठी घेऊन बसतात आणि भिंतीपलीकडून ऐकू येईल अशा आवाजात बोलतात, “माश्या पाळल्यात की शेजारी पाळलेत?” परसातल्या पेट्यांची संख्या ठरवताना हा आकडाही धरावा लागतो. दोन पेट्यांची तहान काकू सोसतात, चारांची सोसतील का? म्हणून पाण्याची सोय मार्चच्या आधीच लावली. पसरट घमेलं, त्यात विटांचे तुकडे, वर ज्वारीची चिपाडं, बुडून मरू नयेत म्हणून. ते कायम भरलेलं हवं. एकदा कोरडं पडलं की माशी दुसरी जागा शोधते आणि मग ती सवय मोडत नाही. फाट्यावरची रसवंती ही दुसरी चिंता. उसाच्या रसाच्या वासावर माश्या येतात, चरकाखाली, गाळणीत, ग्लासात मरतात. रसवाला भला माणूस आहे. त्याला बारीक जाळीचा पडदा शिवून दिला, वर एक बरणी मध. तरी फाल्गुन-चैत्रात रोज काही माश्या तिथे जातातच.

उन्हाची लढाई माश्या स्वतः लढतात. अळ्यांच्या पोळ्याचं तापमान 34-35 अंशांवर राखायचं, मग बाहेर 44 असो. त्या पाणी आणून घरांच्या कडांवर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. सातेरी दारात उभी राहून तोंड बाहेर करून पंख हलवते, म्हणजे हवा आत ढकलते. मेलिफेरा तोंड आत करून हवा बाहेर ओढते. दोघींचं काम एकच, पद्धत उलटी. भर दुपारी दारात ही वाराघालणी रांग दिसली की समजावं, आत काम चालू आहे, आणि तेवढ्या माश्या फुलांवर जाणार नाहीत. नव्या वसाहतीचं पोळं नवं, पांढरं, कोवळ्या मेणाचं असतं. मेण वितळतं 62-64 अंशांना, पण त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून स्वतःच्या वजनाने खाली बसतं, त्यात मध असेल तर लवकरच. म्हणून नवीला मी जुन्या काळपट पोळ्याच्या चौकटी जास्त देतो. जुनं पोळं दिसायला वाईट, पण उन्हात उभं राहतं. वर तुराट्यांचा मांडव, पश्चिमेकडून गोणपाटाचा पडदा. स्टँडच्या पायाखालच्या वाट्यांतलं पाणी दुपारपर्यंत आटतं आणि मुंगळे चढतात, म्हणून तिथे आता जळकं ऑइल.

एवढं करूनही परसाची ताकद चार पेट्यांचीच आहे. माघात मी सायकलीवरून टापू फिरून आलो होतो. शेवगे, कडुनिंब, चिंचा, नाल्याकाठच्या बाभळी, दोन धन्याची शेतं, एक डोंगळ्याचं. डोंगळ्यावर माशी हवी म्हणून शेतकरी हात जोडतात, पण कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं आणि शेजारी दुसरं काही फुललं असेल तर माशी तिकडे पळते. आणि पुढे उन्हाळ्यात? उन्हाळ्यात केळी. मृगबाग (मृगात लावलेली केळी) उन्हाच्या तोंडाशी निसवते, म्हणजे केळफूल बाहेर टाकते, केळफुलाची एकेक पाकळी उलटते आणि आतल्या फुलांतून मकरंद अक्षरशः ठिबकतो. खाण्याच्या केळीला फळ धरायला माशी लागत नाही, त्यामुळे केळीवाले माशीकडे कधी लक्ष देत नाहीत. पण भर वैशाखात ठिबकखालची ओली माती, पानांची दाट सावली आणि चालू निसवण असलेली बाग ही सातेरीची हक्काची जागा आहे, असं मला वाटतं. दुर्दैवाने ती आमच्या परसापासून सातेरीच्या पल्ल्याच्या बाहेर आहे.

पाचवी पेटी करायची झाली तर ती तिथेच. तापीकाठाला माझ्या एका वर्गमित्राची बाग आहे, घरापासून चांगली लांब, माश्या परत यायच्या नाहीत इतकी. मागच्या आठवड्यात त्याच्याकडे जाऊन बोललो. पेट्या पूर्वेच्या बांधावर, घड कापणारी माणसं ज्या वाटेने जातात तिच्यापासून दूर. फवारणी असेल तर त्याने आदल्या संध्याकाळी फोन करायचा, मी पहाटेपूर्वी येऊन दाराला जाळी लावणार. शेजारचा कपाशीवाला फवारतो त्याचं काय, हे त्याच्या लक्षात मी आणून दिलं, तर म्हणाला, “त्याला सांगतो, पण तो माझं ऐकतो कधी?” पेटी रात्री न्यायची, चौकटी हलू नयेत म्हणून काथ्याने बांधून, दुचाकीवर नाही, त्याच्या छोट्या टेम्पोतून. हे सगळं ठरल्यावर त्याने विचारलं, मध किती देशील.

यंदा काही नाही, मी म्हटलं. केळीवर जमेल तेवढं त्यांनाच लागेल, पावसाळ्यात मका-बाजरीचा पराग मिळतो, मकरंद फारसा नाही. दिवाळीनंतर तूर फुलली की बघू.

त्याला ते काही पटलं नाही. जागा मात्र दिली.